छर्ऱ्याच्या बंदुकीची साईट बसवायची तर आधी छर्रा ठरवा

गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर फुगे फोडायच्या स्टॉलवर बंदूक धरली नाही असा सोलापूरकर शोधून सापडायचा नाही, आणि तिथून परत येताना बऱ्याच जणांना वाटतं की आपला नेमच वाईट. नेमाचं काही नसतं ओ, त्या बंदुकीची साईट, म्हणजे नेम धरायची माशी आणि खाच, नेम तिथे छर्रा अशी कुणी कधी बसवलेलीच नसते, हजारो हातांतून गेलेली, पुढची माशी वाकलेली, मागची खाच ढिली, आणि छर्रे कुठल्या डब्यातले ते स्टॉलवाल्यालाही माहीत नसतं. तिथं दहातले तीन फुगे फोडले तरी लई झालं.

घरच्या बंदुकीचंही असंच होतं हे मला भाच्याने एअर रायफल घेतली तेव्हा कळलं. २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये आपल्या कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मिळालं आणि तेव्हापासून पोराने घरात जो धोशा लावला तो बंदूक येईपर्यंत. पहिल्या दिवशी त्याने चाळीसेक छर्रे मारले आणि जवळजवळ प्रत्येक छर्ऱ्यानंतर मागच्या साईटचा स्क्रू फिरवला, एक डावीकडे गेला की स्क्रू उजवीकडे, एक खाली गेला की स्क्रू वर, आणि संध्याकाळी म्हणतो, मामा, बंदूकच खराब आहे, बदलून आणू.

आमचे अण्णा यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, होते. माग बिघडला की त्यांचं ठरलेलं असायचं, एका वेळी एकच बोल्ट फिरवायचा, मग माग चालवून हातभर कापड निघू द्यायचं, कापड बघायचं आणि मगच दुसऱ्या बोल्टला पाना लावायचा. दोन बोल्ट एकदम फिरवले की बिघाड कशाने गेला आणि कशाने आला हे देवालाही सांगता येणार नाही असं ते म्हणायचे. बंदुकीच्या साईटचं अगदी तसंच आहे, म्हणून खाली जे लिहितोय ते त्याच क्रमाने करा, मधली पायरी गाळू नका. हे सगळं नळी मोडून, म्हणजे सांध्यापाशी खाली वाकवून, भरायच्या स्प्रिंगवाल्या ४.५ मिलिमीटरच्या रायफलबद्दल आहे, उघड्या म्हणजे बिनदुर्बिणीच्या साईटची, कारण आपल्याकडे सुरुवातीला बहुतेक जण तीच घेतात.

कायद्याचं आधी सांगून टाकतो. बोअर, म्हणजे नळीचं आतलं माप, ४.५ मिलिमीटर म्हणजे .१७७ इंचाच्या आत आणि नळीच्या तोंडाशी ताकद २० ज्यूलच्या आत असली तर आपल्याकडे लायसन लागत नाही, त्याच्या वरच्या बंदुकीला लागतं. ओळखपत्र देऊन दुकानातून पक्क्या बिलावर घ्या, बिल जपून ठेवा, आणि बंदूक रस्त्याने न्यायची तर कव्हरमध्ये, रिकामी. स्प्रिंगमध्ये कुणी ताकद वाढवून देतो म्हणाला तर नको म्हणा, कायद्यातूनही बाहेर जाल आणि नेमही बिघडेल. आणि पाखरांवर चालवायची नाही म्हणजे नाही. नान्नजचं माळढोक अभयारण्य ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या माणसाला हे सांगायची वेळ यायला नको, पण पोरांना पहिल्या दिवशी सांगून ठेवावं.

जागा आणि मागची भिंत

गच्चीवर करू नका. गच्चीवरून सुटलेला छर्रा शंभर मीटरच्या पुढेही सहज जातो आणि आपल्या गल्ल्या कशा एकमेकांना चिकटून आहेत ते तुम्हाला माहीत आहे. आम्हाला ओळखीच्या माणसाचा बंद पडलेला मागाचा शेड मिळाला, लांब, पत्र्याचा, एकच दार, ते आतून कडी लावून घेतलं की मधेच कुणी यायचा प्रश्न नाही. अशा शेडांना सोलापुरात तोटा नाही, विचारून बघा.

अंतर टेपने मोजा, पावलांनी नको. तुम्ही उभे राहता त्या रेषेपासून कागदापर्यंत बरोबर १० मीटर. कागदाचा मध्य जमिनीपासून १ मीटर ४० सेंटिमीटर उंचीवर, स्पर्धेतही तीच उंची असते, मात्र टेबलावर बसून मारायचं असेल तेव्हा कागद टेबलाच्या उंचीला आणा नाहीतर मान वाकडी करून बसाल. कागद म्हणून १० मीटर एअर पिस्तुलाचं टार्गेट घ्या, रायफलचं नको. रायफलच्या कागदावरचा दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि काळा भाग ३०.५ मिलिमीटरचा, उघड्या साईटला तो पुरत नाही, मन खट्टू होतं. पिस्तुलाच्या कागदावर काळा भाग ५९.५ मिलिमीटरचा आणि दहाचं वर्तुळ ११.५ चं, माशीच्या टोकावर छान बसतो.

कागदामागे लाकडी खोकं, निदान एक वीत खोल, त्यात टॉवेल कारखान्यातल्या चिंध्या पायाने दाबून दाबून गच्च भरल्या आणि मागे जाड प्लायवूड लावला. खोक्याच्या मागे आणि बाजूंना जुनी सोलापुरी चादर दुहेरी करून लोंबती सोडली, भिंतीला चिकटवून नाही हं, लोंबती, म्हणजे चुकून बाहेर गेलेला छर्रा तिच्यात जोर हरवून खाली पडतो. नुसती भिंत किंवा सरळ उभा लोखंडी पत्रा मागे ठेवलात तर शिसं उलटून तुमच्याकडे येतं. डोळ्यांना चष्मा हवाच, बघणाऱ्यालाही. छर्रे शिशाचे, त्यामुळे मारता मारता शेंगा खायच्या नाहीत, उठल्यावर साबणाने हात धुवायचे, आणि छर्रे तोंडात धरायची जी सवय पोरांना असते ती पहिल्याच दिवशी मोडायची.

बंदूक हातात घेतली की आधी काय बघायचं

स्प्रिंगची रायफल प्रत्येक बाराला दोनदा हादरते, एकदा पिस्टन सुटताना मागे आणि लगेच तो पुढे आदळला की पुढे, आणि हे सगळं छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आतच चालू होतं. त्यामुळे दस्त्याचे स्क्रू ढिले होतात. दोन पुढे बाजूला, एक किंवा दोन ट्रिगरच्या गार्डपाशी. बरोबर मापाचा स्क्रूड्रायव्हर घेऊन ते नीट आवळा, जीव काढून नको, लाकूड दबतं. नवी बंदूक असेल तर पहिल्या शंभर बारांत दोनदा तरी तपासा.

मग बंदूक रिकामी आहे बघून नळी मोडा, अर्ध्यावर धरून डावी-उजवीकडे हलवून बघा. सांध्यात खडखड लागली तर तिथला बोल्ट ढिला आहे, आणि तो ढिला असताना साईट बसवणं म्हणजे हलत्या भिंतीवर खिळा ठोकणं. नळी मोडलेली असताना एक हात कायम नळीवर घट्ट, छर्रा बसवेपर्यंत सोडायचा नाही, चाप चुकून दबला तर नळी झटक्यात बंद होते आणि बोटं जातात. रिकामी चालवायची नाही हेही लक्षात ठेवा, छर्रा नसला की पिस्टनपुढे हवेची गादी राहत नाही, तो कोरडा आदळतो आणि सील व स्प्रिंग दोन्ही जातात. स्टॉलवाल्यांच्या बंदुका अशानेच लवकर म्हाताऱ्या होतात.

नळी नवीन असेल तर आत कारखान्याचं तेल असतं. मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याला सुती कापडाची छोटी पट्टी बांधून भरायच्या बाजूने ओढा, पट्टी स्वच्छ निघेपर्यंत, बस. लोखंडी सळई आत घालू नका. आणि वरून आपण होऊन तेल सोडू नका, खास करून हवेच्या भोकात. तेल आत गेलं की पिस्टनच्या दाबाने ते पेटतं, डिझेल इंजिनसारखं, मोठा आवाज येतो, नळीतून धूर निघतो, जळका वास येतो, पोरांना ते भारी वाटतं पण त्या बाराचा छर्रा कुठेही जातो आणि सील जळतं. नव्या बंदुकीत थोडा वेळ असं होतं, पन्नासेक बारांनंतर थांबलं पाहिजे. ते थांबेपर्यंत साईटला हात लावूच नका.

बसणं आणि पकड

मजबूत टेबल, खुर्ची, आणि टेबलावर पिशवी. बाजारात वाळूच्या पिशव्या मिळतात पण आपण मालदांडीच्या मुलखातले, जुन्या पँटचा पाय कापून एका बाजूने शिवला, त्यात ज्वारी भरली आणि दुसरं तोंड शिवलं, वाळूपेक्षा बरी, सांडली तरी घाण नाही आणि दाबली तशी बसते.

आता इथे बहुतेक जण चुकतात. बंदूक थेट पिशवीवर ठेवायची नाही. पिशवीवर डाव्या हाताचा तळवा उताणा ठेवायचा आणि तळव्यावर दस्त्याचा पुढचा भाग नुसता टेकवायचा, बोटं आवळायची नाहीत, खांद्यालाही हलकाच टेकवायचा, गाल नुसता लागलेला. स्प्रिंगच्या बंदुकीला हादरायला मोकळीक दिली आणि दर वेळी सारखीच दिली तर ती दर वेळी सारखीच हादरते. घट्ट धरली की तुमच्या हाताचा जोर प्रत्येक बाराला थोडा वेगळा, मग छर्राही वेगळीकडे. भाच्याचा पहिला ग्रुप, म्हणजे एकाच नेमाने मारलेल्या छर्ऱ्यांचा घोळका, बंदूक आवळून धरून मारलेला होता, पाच छर्रे चहाच्या बशीएवढे पसरलेले, तीच बंदूक सैल धरल्यावर तेच पाच छर्रे झाकायला पाच रुपयांचं नाणं थोडंच कमी पडलं, एवढा फरक. तळवा कुठे टेकवला तिथे दस्त्यावर पेन्सिलीने खूण करा, कारण दोन बोटं पुढे-मागे झालं तरी कागदावर दिसतं. नळी मात्र कशावरच टेकवायची नाही.

साईट बघायची कशी

मागच्या खाचेत पुढची माशी, दोन्ही बाजूंना सारखा उजेड, माशीचं डोकं आणि खाचेच्या कडा एका ओळीत. काळा गोल माशीच्या डोक्यावर ठेवलेल्या लिंबासारखा, किंचित पांढरी फट ठेवून. फट ठेवायचं कारण असं की काळ्यावर काळी माशी टेकली की ती कुठे संपते ते डोळ्याला कळत नाही. आणि डोळा तीन गोष्टी एकदम स्पष्ट बघू शकत नाही, म्हणून माशी धारदार दिसली पाहिजे, टार्गेट थोडं धूसर, खाचही थोडी धूसर. नवशिक्याचा डोळा टार्गेटकडे धावतो, त्याला ओढून माशीवर आणायचा. चाळिशीपुढच्यांना माशीच धूसर दिसते, त्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरांना बंदुकीच्या माशीचं अंतर मोजून सांगा, त्या अंतराचा नंबर काढून देतात.

माशी घासून घासून चकाकत असेल तर एक जुना उपाय, कापूर. एक वडी वाटीत पेटवा, बंदूक रिकामी, नळी मोडलेली, माशी ज्योतीच्या टोकावर दोन-तीन सेकंद धरा, मखमलीसारखी काळी काजळी बसते, उजेड अजिबात फेकत नाही. माशी प्लास्टिकची किंवा रंगीत फायबरची असेल तर हे करू नका, वितळेल. काम झालं की पुसून टाका.

आता छर्रा

इथे वेळ घालवा, अख्खा दिवस गेला तरी चालेल, पुढचं सगळं ह्याच्यावर उभं आहे. जुन्या काळ्या दारूच्या बंदुका वापरणारे लोक हे फार नीट जाणतात. कोल्टची १८५५ च्या मॉडेलची फिरत्या सिलिंडरची रायफल किंवा तसल्या आखूड नळीच्या कार्बाईन आजही बाहेरच्या देशात हौसेने चालवतात, तिथे दारूचं माप थोडं कमी-जास्त केलं किंवा गोळी बदलली की कागदावरची जागा बदलते. म्हणून आधी मापं बदलत बदलत जमलेला ग्रुप कुठल्या मापाला येतो ते शोधायचं, ते माप कायमचं ठरवायचं आणि मगच साईटला हात. कारण त्यातल्या बऱ्याच बंदुकांची माशी अचल असते, उंची बदलायची तर कानशीने घासावी लागते, आणि घासलेलं लोखंड परत येत नाही. तसल्या बंदुकीत सिलिंडर आणि नळीच्या फटीतून गरम गॅस आणि शिशाच्या कपच्या बाजूला उडतात त्यामुळे पुढचा हात सिलिंडरच्या पुढे न्यायचाच नाही, हा तिथला पहिला नियम. आपल्या छर्ऱ्याच्या बंदुकीत दारू नाही, जोर स्प्रिंगचा, तो ठरलेला. बदलता येतो तो एकच, छर्रा. त्यांचा लोड म्हणजे दारू आणि गोळी, आपला लोड म्हणजे छर्राच.

छर्ऱ्यात काय काय बदलतं? आकार, सपाट तोंडाचा, गोल तोंडाचा, टोकदार. १० मीटरला सपाट तोंडाचा घ्या, कागदावर पंचिंग मशीनने पाडल्यासारखं गोल भोक पाडतो, मोजायला सोपं, आणि स्पर्धेतही तोच असतो. २५ मीटरकडे जायचं तर गोल तोंडाचा, तो हवेत जास्त नीट जातो. टोकदार दिसायला भारी पण टोक मधोमध असेलच असं नाही, माझ्याकडे तरी त्याचा ग्रुप कायम सगळ्यात मोठा आला. मग वजन, सपाट तोंडाचे साधारण ०.४९ ग्रॅम आणि ०.५३ ग्रॅम असे दोन मिळतात, हलका जास्त करून पिस्तुलासाठी आणि जड रायफलसाठी, पण तुमच्या स्प्रिंगला कुठला मानवतो ते तीच सांगणार. मग डोक्याचं माप, चांगल्या डब्यांवर ४.४९, ४.५०, ४.५१ असं लिहिलेलं असतं. मिलिमीटरचा शंभरावा भाग, तरी काही नळ्यांना फरक पडतो. छर्रा बोटाने बसवताना अगदी सुळकन आत पडत असेल तर मोठं माप बघा, अंगठ्याचं नख दुखेपर्यंत दाबावा लागत असेल तर लहान.

सगळे डबे विकत घ्यायची गरज नाही. चार-पाच मित्रांकडून वीस-वीस छर्रे मागून घ्या, देशी आणि जर्मन दोन्ही. एच अँड एन फिनाले मॅच किंवा आरडब्ल्यूएस आर१० असले स्पर्धेचे छर्रे महाग पडतात, रोज मारायचे नाहीत, पण आपली बंदूक जास्तीत जास्त किती चांगलं मारू शकते हे कळायला एकदा वापरून बघण्यासारखे आहेत. प्रत्येक डब्यातले छर्रे काचेवर लोटून बघा, मागची पातळ कड चेपलेला छर्रा सरळ न जाता वळतो, तो बाजूला टाका. प्रवासात आपटलेल्या डब्यात असे बरेच निघतात.

चाचणी अशी करा. एका जातीचे आधी दहा छर्रे नुसते खोक्यात मारा, न मोजता, कारण आधीच्या छर्ऱ्याचं शिसं नळीत लागलेलं असतं आणि नवी जात त्यात बसायला थोडे बार घेते. मग नव्या कागदावर पाच, दुसऱ्या कागदावर पाच. साईटचा स्क्रू ह्या सगळ्या वेळात तसाच, छर्रे काळ्याच्या बाहेर पडले तरी तसाच. ते कुठे पडतात ह्याच्याशी आज आपल्याला काही देणंघेणं नाही, किती जवळजवळ पडतात तेवढंच बघायचं. एकदम कागदाबाहेर जात असतील तर मोठा पुठ्ठा लावा. प्रत्येक कागदावर छर्ऱ्याचं नाव, वजन, तारीख, वेळ लिहा, नंतर लिहीन म्हणालात तर कागद एकमेकांत मिसळतात.

मोजायला सगळ्यात लांबच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर घ्या आणि त्यातून छर्ऱ्याची जाडी, म्हणजे ४.५ मिलिमीटर, वजा करा. भाच्याच्या बंदुकीचे आकडे सांगतो, टोकदार छर्ऱ्याचे दोन ग्रुप ३१ आणि ३८ मिलिमीटर, गोल तोंडाचे १९ आणि २२, हलका सपाट १६ आणि २७, जड सपाट १३ आणि १४. हलक्या सपाटचा एक ग्रुप बरा आला म्हणून त्याला निवडायचं नाही, दोन्ही ग्रुप सारखे आले तो छर्रा आपला, म्हणून जड सपाट. आता बघा, ह्या चारही जातींचे ग्रुप कागदावर वेगवेगळ्या जागी होते, गोल तोंडाचा तर जड सपाटपेक्षा बोटभर वर. म्हणजे पहिल्या दिवशी पोराने दोन डब्यांतले छर्रे मिसळून मारले आणि साईट फिरवत बसला, त्यात त्या बिचाऱ्या साईटचा काय दोष? ठरलेल्या छर्ऱ्याचे दोन-तीन डबे एकदम घ्या, झाकणावर बॅच नंबर असेल तर एकाच बॅचचे.

मग स्क्रू

छर्रा ठरला, पकड ठरली, आता पाच छर्ऱ्यांचा ग्रुप मारा आणि त्याचा मध्य शोधा. एखादा छर्रा तुम्हाला मारतानाच हलल्यासारखा वाटला असेल तर तो सोडून द्या, पण मारायच्या क्षणीच तसं म्हटलेलं असलं पाहिजे, कागद बघितल्यावर नाही. मध्यापासून कागदाच्या मध्यापर्यंत आडवं किती आणि उभं किती, वेगवेगळं मोजा.

दिशा लक्षात ठेवायला सोपी आहे. मागची साईट तिकडे सरकवायची जिकडे छर्रा न्यायचाय. छर्रे डावीकडे पडतात, उजवीकडे न्यायचेत, मागची साईट उजवीकडे. खाली पडतात, वर न्यायचेत, मागची वर. पुढच्या माशीचं बरोबर उलट, तिची उंची कमी केली की छर्रा वर जातो, ती उजवीकडे ठोकली की छर्रा डावीकडे जातो.

किती सरकवायची त्याचा हिशेब शाळेतल्या त्रैराशिकाचा. दोन साईटमधलं अंतर मोजा, समजा ४५० मिलिमीटर. कागद १०,००० मिलिमीटरवर. ग्रुप २२ मिलिमीटर खाली आहे. तर २२ गुणिले ४५० भागिले १०,०००, येतं ०.९९, म्हणजे मागची साईट साधारण एक मिलिमीटर वर. स्क्रूचे आटे अर्ध्या मिलिमीटरचे असतील तर दोन फेरे. आटे माहीत नाहीत, क्लिकवाली चकती आहे, तर हिशेब कागदावरूनच काढा, एक ग्रुप मारा, दहा क्लिक द्या, दुसरा ग्रुप मारा, दोन्ही मध्यांतलं अंतर भागिले दहा, ही तुमच्या बंदुकीची एका क्लिकची किंमत. हा आकडा दस्त्याच्या आत चिठ्ठीवर लिहून चिकटवा, आयुष्यभर उपयोगी पडतो.

आधी उभं सरकवा, पाच मारा, बघा. मग आडवं, पाच मारा, बघा. अण्णांचा नियम, एका वेळी एकच बोल्ट. साध्या साईटच्या स्क्रूमध्ये ढील असते, उलट दिशेला फिरवताना पहिला पाव फेरा नुसता रिकामा जातो, त्यासाठी मागे यायचं असेल तर थोडं जास्त मागे या आणि शेवटचं फिरवणं कायम एकाच दिशेने करा. फिरवून झाल्यावर साईटवर स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने दोन हलक्या टिचक्या मारा, पहिल्या हादऱ्याला जे बसणार ते आधीच बसू द्या. ग्रुप मध्यापासून ३-४ मिलिमीटरवर आला की थांबा. तुमचाच ग्रुप १४ चा असताना २ मिलिमीटरसाठी स्क्रू फिरवणं म्हणजे स्वतःच्या हाताच्या थरथरीमागे धावणं.

साईटची वर जायची जागा संपली आणि तरी छर्रे खालीच, असं झालं तर माशी घासायच्या आधी दोनदा विचार करा, आधी नळीचा सांधा, मग छर्ऱ्याचं वजन, मग स्प्रिंग थकलीय का ते बघा. स्प्रिंग थकली की वेग उतरतो आणि छर्रा खाली येतो. साधारण १७५ मीटर प्रति सेकंदाने निघालेला ०.५३ ग्रॅमचा छर्रा १० मीटर जाईपर्यंत १६-१७ मिलिमीटर खाली पडतो, तोच २० मीटरला त्याच्या चौपटीहून थोडा जास्त, वेग कमी झाला की हे सगळे आकडे वाढतात. घासायचीच वेळ आली तर कानशीचे दोन हात, पाच बार, परत दोन हात, असंच.

दुसऱ्या दिवशी परत

साईट बसली असं त्याच दिवशी म्हणू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता दहा छर्रे मारा, आणि दुपारी बारा-एकला परत दहा. आपल्याकडच्या उन्हाने हा फरक फार पडतो. आमच्या शेडला पश्चिमेला एक फुटका पत्रा होता, तिथून चारनंतर ऊन थेट माशीच्या एका बाजूवर पडायचं, माशीची ती कड चमकायची, डोळ्याला माशी अर्धीच वाटायची आणि ग्रुप रोज चारनंतर बाजूला सरकायचा. तीन दिवस आम्ही दस्त्याचे स्क्रू तपासत बसलो होतो, शेवटी तिथे पोतं टांगलं आणि प्रश्न मिटला. टार्गेटवरचा उजेड बदलला तरी काळा गोल लहान-मोठा भासतो आणि खालची पांढरी फट बदलते, तेव्हा टार्गेटवर एकच बल्ब कायमचा लावून ठेवलेला बरा.

एप्रिल-मेमध्ये इथे पारा ४२-४३ ला सहज जातो, तेव्हा बंदूक गाडीच्या डिकीत किंवा पत्र्याला टेकून ठेवू नका, आतलं ग्रीस पातळ होऊन पुढे सरकतं आणि परत ते डिझेलचं नाटक सुरू. उन्हाळ्यात साईट थोडी हलली तर घाबरून जाऊ नका, दहा बारांचा ग्रुप बघा आणि तेवढंच फिरवा.

शेवटची चाचणी उभं राहून. टेबलावर बसून बसवलेली साईट उभं राहिल्यावर तशीच्या तशी लागत नाही, कारण पकड बदलते, गाल वेगळीकडे टेकतो. स्पर्धा उभ्यानेच असते, त्यामुळे उभं राहून वीस छर्रे मारा, पसरणार आहेतच, पण त्या वीसांचा मध्य कुठे येतो ते बघा आणि उरलेले दोन-तीन क्लिक त्याप्रमाणे द्या.

कागद काय बोलतो तेही शिकून घ्या. छर्रे उभ्या रेषेत पसरले तर श्वास किंवा माशीची उंची दर वेळी वेगळी, कधी कधी नळीचा सांधा. आडवे पसरले तर मागची साईट ढिली किंवा चाप बाजूला ओढला जातोय. उजवीकडे आणि थोडे खाली जात असतील तर बंदूक उजवीकडे कलतेय, टार्गेटशेजारी दोऱ्याला नट बांधून ओळंबा टांगा आणि माशी त्याच्याशी जुळवून बघा. दोन वेगळे नीट ग्रुप पडले तर डब्यात दोन जाती मिसळल्यात किंवा दस्त्याचा स्क्रू मधेच सुटलाय. कालपर्यंत छान आणि आज एकदम वेगळीकडे, तर साईटला हात लावायच्या आधी स्क्रूड्रायव्हर घेऊन दस्ता तपासा, बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

सगळं जमलं की साईटच्या दोन्ही स्क्रूवर नेलपॉलिशचा एक बारीक ठिपका, अर्धा स्क्रूवर अर्धा साईटच्या अंगावर. स्क्रू हलला की ठिपका तुटलेला दिसतो. आमच्या घरी तो ठिपका ताईच्या लाल नेलपॉलिशचा आहे, चार महिने झाले अजून जोडलेला आहे, आणि भाचा आता पाच छर्रे मारून झाल्याशिवाय कागदाकडे जातच नाही.